पाचव्या गाण्यातली चादर

बाबा,

पाचव्या गाण्यात गिटार जिना चढल्यासारखी वर वर धावत असते, आता गच्चीचं दार उघडणार असं वाटतं, आणि तेवढ्यात खट् होतं आणि तुम्ही खाकरता. माझं सगळं त्या जागी बदललं. लोक म्हणतात अमक्या वर्षी आयुष्य फिरलं, तमक्या माणसामुळे फिरलं. माझ्याकडे टेपवरची जागाच आहे. कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फिरवत आणून दाखवता येईल.

खाली आपल्या भजनी मंडळाचे बुवा दोनदा हाक मारून गेलेत. आज माघी गणपतीची डबलबारी आहे, आपल्याच चाळीच्या पटांगणात, आणि तुमच्या जागेवर मला बसायचंय. मृदंग वाजवायची भीती नाही. शेवटपर्यंत बसून राहायची आहे. मध्येच उठलो तर काय जाणार ते मला नीट माहीत आहे, आणि माझ्यासारख्याला नुसतं माहीत असून काही उपयोग होत नाही, तेही माहीत आहे. म्हणून निघायच्या आधी तुम्हाला लिहायला बसलोय. आई आत कणीक मळतेय. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही, फक्त परात बोलतेय.

ती कॅसेट घरात कशी आली हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. वरच्या मजल्यावरचा दादा बोटीवर नोकरीला लागला, त्याच्या घरचे त्याचा कॅसेटींचा खोका भंगारात काढणार होते, त्यातली एक त्याने जाता जाता माझ्या हातात कोंबली. थ्रॅश मेटल. मला तो शब्द धड म्हणताही येत नव्हता. कव्हरावर पेटलेला कारखाना आणि त्याच्या धुराड्यातून डोकावणारी कवटी. देव्हाऱ्यासमोर असलं मसण ठेवलेलं आईला चाललं नसतं. मी कव्हर फाडून मोरीत वाहवलं, आणि कॅसेट तुमच्या भजनाच्या कॅसेटींतल्या एका रिकाम्या डबीत घालून ठेवली. डबीवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, गजर. यापेक्षा सुरक्षित जागा लालबागमध्ये नाही असं मला वाटलं. तुम्ही ड्युटीला गेलात आणि आई दादरला पोळीभाजी केंद्रावर गेली की मी ती बाहेर काढायचो, मंडळाच्या टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकायचो, आणि जिन्यात तुमच्या चपला वाजल्या की असेल तिथे थांबवून परत गजरात ठेवायचो.

फक्त एक गोष्ट मी विसरलो. कोरी कॅसेट विकत आणणं तुम्हाला पाणी विकत घेण्यासारखं वाटायचं. गेल्या वर्षीच्या गजरावर यंदाचा गजर चढवायचा, ही मंडळाची पद्धत. बारी झाली की समोरचे बुवा काय काय बोलले ते ऐकायचं, पुढच्या वेळचं उत्तर तयार करायचं, आणि मग ती टेप पुन्हा मोकळी. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तरी तुम्ही टेपच लावत होतात. त्या माघीला तुम्ही घाईत ढिगावरची डबी उचललीत, आत न बघता कॅसेट रेकॉर्डरमध्ये सरकवलीत आणि लाल बटण दाबलंत. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, म्हणजे पाचवं, मी दुपारी अर्ध्यावर थांबवलेलं होतं.

डबलबारी म्हणजे काय ते मध्यंतरी मला एकीला समजावून सांगावं लागलं. मी म्हटलं, दोन भजनी बुवा, दोघांची मंडळं, समोरासमोर बसतात. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग म्हणायचे, गौळण म्हणायची, आणि मध्ये मध्ये समोरच्याची अशी काढायची की लोक पोट धरून हसले पाहिजेत. देवासमोर बसून शिव्या न देता शिव्या. ती म्हणाली, म्हणजे रॅप बॅटल. मी म्हटलं, हो, फक्त झांजा असतात आणि शेवटी सगळे मिळून चहा पितात.

त्या माघीला मी तुमच्या मागे झांज घेऊन बसलो होतो. समोरचे बुवा तेव्हा ऐन रंगात. त्यांनी आपल्या बुवांना सोडलं आणि तुम्हाला धरलं. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यांच्या श्वासासकट म्हणून दाखवीन. "मृदंगमणींचो हात असो कित्या पडता, म्हायत आसा? दिवसभर हॉस्पिटलात चादरी धुतत. थयसर आपटतत तसा हयसर आपटतत." सगळं पटांगण हसलं. तुम्ही खरंच परळच्या हॉस्पिटलात चादरी धूत होतात, आणि मी शाळेत सांगितलं होतं की माझे बाबा हॉस्पिटलात ऑफिसमध्ये आहेत. वर्गातली दोन पोरं पुढच्या सतरंजीवर बसली होती. मी झांज टाकली आणि उठलो. टेपवर तो आवाज आहे, झांज पडल्याचा, आणि त्यानंतर थोडी शांतता, मग तुमचे दोन-तीन हात, आणि मग पुन्हा हसणं, आधीच्यापेक्षा मोठं. ते दुसरं हसणं मी तेव्हा पटांगणाच्या बाहेर, पाण्याच्या टाकीमागे उभा राहून ऐकलं. मला वाटलं, तुम्ही उत्तर द्यायला गेलात आणि चुकलात. मला वाटलं, ते अजून तुम्हालाच हसतायत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावरून आलात तेव्हा मी दारातच उभा होतो. दुपारी गाणं लावलं होतं आणि गिटारच्या मधोमध तुम्ही खाकरला होतात. आदल्या दिवसाचं सगळं साचलेलं त्यात मिसळलं. मी तुमच्यावर ओरडलो, की तुम्ही माझं गाणं मारलंत. तुमच्या खांद्याला अजून डब्याची पिशवी होती. आईने लाटणं उचललं, आणि ते पोळीसाठी नव्हतं. तुम्ही तिला हातानेच थांबवलंत, पिशवी खुंटीला लावलीत, हातपाय धुतलेत, आणि म्हणालात, लाव बघू, काय मारलं ते. मी लावलं. तुम्ही पाचव्यापाशी न थांबता म्हणालात, पहिल्यापासून लाव.

तुम्ही तेव्हा काय ऐकलंत हे मला आज विचारायचं होतं. पहिल्या गाण्याला सुरुवात अशी नसतेच, दार लाथेने उघडल्यासारखं ते थेट मध्येच सुरू होतं. दुसऱ्यात दोन गिटारी एकमेकींच्या पायात पाय घालत पळतात आणि पडत नाहीत. गाणारा गात नाही, भायखळ्याच्या बाजारात भाव ओरडल्यासारखा ओरडतो, पण मात्रेवर ओरडतो, एक अक्षर पुढे-मागे नाही. तिसरं माझं सगळ्यात आवडतं. त्याच्या मध्यावर सगळं एकदम अर्ध्या चालीत उतरतं. आवाज कमी होत नाही, उलट वजन वाढतं, जशी लालबागचा पूल चढताना हातगाडी जड होते. आणि चौथ्यात ढोलवाला दोन्ही पायांनी असा काही धावतो की ऐकणाऱ्याला धाप लागावी. तुम्ही ओट्याला टेकून डोळे मिटून बसला होतात. आई पोळ्या करत होती, तिच्या चेहऱ्यावर असं की शेजारी काय म्हणतील. तुमच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालली होती. चौथं संपल्यावर तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "हात बरो आसा ह्येचो. पण दम खाणा नाय."

मग तुम्ही पेचकस मागितलात. कॅसेटच्या माथ्यावर प्लास्टिकचे दोन कान असतात, ते तुम्ही मोडून टाकलेत, एक इकडचा, एक तिकडचा. ते मोडले की रेकॉर्डरचं लाल बटण दबतच नाही. "आता ह्येच्यार कोणाक काय चढवूक गावाचा नाय," म्हणालात आणि कॅसेट माझ्या हातात दिलीत. मंडळाची टेप होती ती, पुन्हा वापरायची. तुम्ही मला आयुष्यात बऱ्याच वस्तू दिल्या असतील, शर्ट, चपला, कंपास. मला ही एकच आठवते. आणि तेव्हा मी थँक्यू सोडा, तोंड वाकडं करून उभा होतो, कारण माझं पाचवं गाणं काही परत येणार नव्हतं.

थोड्या दिवसांनी तुम्ही मला तालमीत पहिल्यांदा मृदंग मांडीवर घेऊ दिलात. गजर चालू होता, मंडळ रंगात होतं, आणि माझ्या अंगात चौथं गाणं शिरलं. मी पळालो. लय सोडून पळालो, झांजा मागे, बुवा मागे, पेटी गोंधळली. मला वाटत होतं मी उडतोय. तुम्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलंत, माझ्या मांडीवरून मृदंग उचललात, आणि आवाज न चढवता म्हणालात, "तुझ्या हातात ताल नाय, भांडण आसा. भांडण संपला की ये." कुणीतरी हसलं. मी उठून घरी आलो. तुम्ही घरी आल्यावर त्याबद्दल बोलला नाहीत, मीही नाही, आणि श्रावणात तुम्ही गेलात. तुमच्याच हॉस्पिटलात, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरीवर. मी त्या चादरीकडे बघत होतो, तुमच्याकडे नाही. आई सांगते, मी रडलो नाही, डॉक्टरांशी भांडलो.

भांडण संपलं नाही, त्यामुळे आलो नाही. मृदंग माळ्यावर गेला. कॅसेट माझ्याकडे राहिली, आणि मी ती ऐकत मोठा झालो, एकामागून एक, जशी होती तशी. माझ्यासाठी त्या अल्बममध्ये साडेचार गाणी आहेत आणि मग तुम्ही आहात. खाकरणं, बुवांचा सूर, चादरी, हसणं, झांज, तुमचे हात, हसणं, गजर, आणि टेप संपते. मला खूप उशिरा कळलं की जगात इतरांकडे वेगळा अल्बम आहे, आठ गाण्यांचा. फोनवर तो कधीही मिळतो. मी कधी लावला नाही. पाचव्याच्या पुढे काय आहे ते मला नको होतं, कारण तिथे तुम्ही नव्हतात.

पुढचं ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. इंजिनिअरिंगला गेलो, दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर माझं उत्तर ऐकून हसले. वाईट नव्हते हसले कदाचित. मी उठलो, आणि उठलो तो कॉलेजमधूनच उठलो. आईने त्या फीसाठी किती पोळ्या लाटल्या त्याचा हिशेब ती बोलून दाखवत नाही, मीही मांडत नाही. ड्रम शिकलो, बँड केला. लोअर परळला गिरणीच्या आवारात आता काचेचे हॉल झालेत, तिथे वाजवायला बोलावलं. तिसऱ्या गाण्यात पुढच्या टेबलावर कुणीतरी हसलं, आपापसात हसले असतील. मी काठी फेकली आणि उठून निघून आलो. बँडही गेला. माझे कान तसे आहेत, बाबा. कुठेही हसण्याचा आवाज आला की मी टाकीमागे असतो.

जिला डबलबारी समजावून सांगितली, ती त्या रात्री त्या हॉलमध्ये होती. आधी आमच्या कॉलेजात होती, तिने पूर्ण केलं, आता फोर्टमध्ये एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते. तिच्या घरचे फणसवाडीत राहतात, पिढ्यान्‌पिढ्या. तिचे वडील इतकं शुद्ध बोलतात की त्यांच्यासमोर मला माझाच आवाज खरखरीत वाटतो. "सध्या काय करताय आपण?" असं त्यांनी विचारलं, आणि त्या 'सध्या'वर मी अजून अडकलोय. तिच्याबद्दल तुम्हाला काय लिहू. ठाकुरद्वारला माझं काही काम नसतं, तरी मी तिथे असतो. तिच्या गॅलरीत हिरवी ओढणी वाळत असली की माझा दिवस बरा जातो, नसली की मी चाळीत कुणाशी तरी भांडतो. ती चिडली की माझं पूर्ण नाव घेते, आणि ते ऐकायला मी तिला चिडवतो.

दिवाळीनंतर एकदा नाक्यावर पीयूष पीत उभे होतो. मी तिला कॅसेटची गोष्ट सांगितली होती. तिने फोनवर तो अल्बम शोधून ठेवला होता, आणि मी दुसरीकडे बघत असताना इअरफोन माझ्या कानात घातला. म्हणाली, सहावं ऐक. मी म्हटलं, काढ. ती हसली. म्हणाली, अरे, सहावं गाणं आहे, भूत नाही. त्यात मला हसण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण ती हसली, आणि मी वायर ओढली, आणि तिचा फोन फुटपाथवर पडून काच तडकली. तिने फोन उचलला, ओढणीने पुसला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात, बँड अर्ध्यात, गाणंसुद्धा अर्ध्यात. मला कितव्या मिनिटाला सोडणारेस, तेवढं आधी सांगून ठेव." आणि पीयूष तसंच ठेवून गेली. त्यानंतर ओढणी दिसायची, ती दिसायची नाही.

आपले बुवा आले ते गेल्या आठवड्यात. आता थकलेत, जिना चढून आले की आधी पाणी मागतात. मंडळाच्या मृदंगवाल्याच्या मनगटाला प्लास्टर, बारी तोंडावर, आणि समोर कोण, तर तेच बुवा. तेच, चादरीवाले. मी म्हटलं, मी इतक्या वर्षांत हात लावला नाही. बुवा म्हणाले, "हात तुझो माका म्हायत आसा. बूड खाली रवतला काय, ता सांग." आई ओट्यापाशी होती, ती वळली नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगतो. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की तो माणूस समोर असणार आहे, आणि या वेळी मी मोठा आहे. ताल गेला खड्ड्यात. मला त्याला उत्तर द्यायचं होतं, हाताने नाही तर तोंडाने, आणि तोंडाने नाही तर हाताने. समजलं ना कुठल्या हाताने.

माळ्यावरून मृदंग काढला. बुवांनी कातडं बदलून आणलं. आवाज जड यायला मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची असते एवढं आठवत होतं, किती पाणी ते आठवत नव्हतं. तुमच्या वेळी आई पोळ्यांच्या कणकेतून आधी तुमचा गोळा काढून ताटलीत ठेवायची, झाकून, आणि मग पहिली पोळी लाटायची. मी माझी मीच मळली आणि ती पातळ झाली. टेप लावली, खाकरण्यापासून. तुमच्याबरोबर वाजवायचं ठरवलं होतं, नुसतं तुमच्यामागून जायचं. चादरीचं वाक्य आलं, माझे कान तापले, झांज पडली, शांतता, आणि तुमचे ते दोन-तीन हात, ज्यांना मी दहा वर्षं चूक समजत होतो. ते लागेनात. टेप मागे घेतली, पुन्हा. पुन्हा. डाव्या पंजाने सपाट मारून बघितलं, कणीक ओली असल्यामुळे आवाज उमटला तो ढोलकीचा नव्हता, मृदंगाचाही नव्हता. फट्, आणि मागून जड धप्प.

आत लाटणं थांबलं. आई म्हणाली, "चादर."

मी विचारलं काय. ती हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. "ओली चादर झटकून दगडावर आपटली की असाच आवाज येतो. तुझ्या बाबांनी मुद्दाम काढला होता तो. घरी येऊन मला परातीवर वाजवून दाखवला. म्हणाले, त्याने चादर म्हटलं, मग म्हटलं घे चादर. बुवाच आधी हसला म्हणे, समोरचा. उठून पाया पडला यांच्या." मग म्हणाली, "तू नव्हतास ना तिथे. तू गेला होतास."

बाबा, मी ती टेप किती वेळा ऐकली असेल. ते दुसरं हसणं तुम्हाला नव्हतं. तुम्ही वाजवलेल्या चादरीला होतं. फट्-धप्प, फट्-धप्प, आणि त्या धप्पमधूनच तुम्ही गजराचा ठेका उचललात, तो आत्ता, कळल्यावर, इतका साफ ऐकू येतो की मला माझ्या कानांची शरम वाटते. हसण्याचा आवाज तोच आहे, एक कणही बदललेला नाही, तुम्ही कान मोडले होतेत ना टेपचे. आणि मी त्या हसण्यापायी कॉलेज सोडलं, काठी फेकली, तिचा फोन फोडला. मग पहिली बाजू लावली, आणि तीही वेगळी ऐकू आली. मला नेहमी वाटायचं ही पोरं चिडून वाजवतायत, आणि म्हणून ती माझी. चिडलेला माणूस असं वाजवूच शकत नाही. चिडलेला माणूस दुसऱ्या ओळीत हात मोडून घेईल. चौथ्या गाण्यात तो ढोलवाला इतका वेगात आहे, कारण तो आतून बसलेला आहे. तिसऱ्यात सगळे एकाच मात्रेवर अर्ध्या चालीत उतरतात, कारण प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकतोय. माझ्याच वयाची असतील तेव्हा. त्यांनाही कुणीतरी हसलं असेल, आणि ते बसून राहिले असतील.

मी तिला मेसेज केला. माफी वगैरे लिहून तीनदा खोडली, शेवटी एवढंच, की माघीला चाळीत बारी आहे, मी वाजवतोय. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "येते. शेवटपर्यंत बसलास तर नंतर बोलू." त्यापुढे काहीच नाही, शेवटी टिंबसुद्धा एकच. ती आज पटांगणात असेल, फणसवाडीची मुलगी लालबागच्या सतरंजीवर. आणि समोरचे बुवा मला सोडणार नाहीत, ही तर रीतच आहे, सोडलं तर तो अपमान. ते काय काढतील तेही मला माहीत आहे. बापूस चादरी धुय, झील काय करता, तर झील काहीच करणा नाय. कॉलेजचं चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासमोर म्हणतील. काल आईला मी म्हटलं, कळलं ते बरं झालं, आता काही वाटणार नाही. आई म्हणाली, कळणं डोक्यात असतं, तू पायाने उठतोस. तेव्हापासून गप्प आहे. तिचं बरोबर आहे. आत्ता हे नुसतं लिहितानासुद्धा माझे पाय जमिनीला नीट टेकलेले नाहीत.

बुवांची तिसरी हाक आली. मंडळाची पोरं पुढे गेली, मृदंग घेऊन गेली. मी पाणी प्यायला आत गेलो. आई तव्याकडे तोंड करून होती. ओट्यावर, पोळ्यांच्या डब्याच्या बाजूला ताटली होती, वर वाटी उपडी. मी वाटी उचलली. कणकेचा गोळा, घट्ट मळलेला, बोट लावलं तर खळगा पडून हळूच परत वर येणारा. अजून एकही पोळी झालेली नव्हती. आई म्हणाली नाही की घेऊन जा. मी ओल्या फडक्यात गुंडाळला.

हा कागद तुम्हाला कुठे पाठवणार, रेकॉर्डरखाली ठेवतोय. एक सांगायचं राहिलं. दुपारी मी फोनवर पाचव्याच्या पुढचं ऐकलं. सहावं बरं आहे. सातव्यात फार काही नाही. आठवं लांबलचक आहे, आणि ते संपताना धडाका वगैरे नाही, गिटारच्या तारा कुणीतरी तळव्याने दाबून गप्प करतं, ढोल थांबतो, आणि टेप तोडायच्या आधी कुणीतरी, बहुतेक तोच, मोठा श्वास घेतो. म्हणजे खातो तो दम, बाबा. शेवटी खातो. तुम्हाला तिथपर्यंत ऐकायला मिळालं नाही, कारण तिथे तुम्हीच होतात.

भांडण काही संपलेलं नाही. तुम्ही म्हणाला होतात संपलं की ये, मी तसाच येतोय. गोळा गार आहे, फडक्यातून हाताला लागतोय. चपला घातल्या. दार ओढून घेतो.